खुन्याचा आकाशी बुशशर्ट

माझ्या दुकानातून सगळ्यांत जास्त वेळा भाड्यानं गेलेलं पात्र कोणतं, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं, मी एखादा राजा नाही तर देव सांगेन. खरं उत्तर गाजर आहे. शाळांच्या गॅदरिंगमध्ये भाज्यांची सभा भरतेच, आणि प्रत्येक आईला आपलं मूल गाजर व्हायला हवं असतं. वांगं कुणालाच व्हायचं नसतं. वांग्याचा पोशाख परत येतो तेव्हा त्याच्या बाहीला नाक पुसलेलं असतं.

नागपूरच्या प्रतापनगरात माझं नाटकाच्या कपड्यांचं दुकान आहे. आता पुतणी सांभाळते. मी खुर्चीवर बसून चुका काढते. गिऱ्हाईक मुख्यतः दोन प्रकारचं. एक शाळा. दुसरं झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या. धानाची कापणी उरकली की आमच्या पूर्व विदर्भात गावोगाव मांडव पडतात आणि नाटकं सुरू होतात, ती झाडीपट्टीची नाटकं. त्या मांडवात मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसत नाही, कपडे दिसतात. म्हणून खलनायक आला हे शर्टावरून कळायला लागतं. माझ्याकडचा खलनायकाचा शर्ट काळ्या सॅटिनचा होता आणि पाठीवर जरीचा विंचू होता. तो रंगमंचावर आला की नायिकेच्या आधी प्रेक्षकांतल्या बायका पदर सावरायच्या.

कपडा बोलतो खरा, पण ऐकणारा काय ऐकेल याचा नेम नसतो, हे मला एका भरदार पोटाच्या गृहस्थांनी शिकवलं. त्यांना पोलिस इन्स्पेक्टरचा पोशाख हवा होता. गॅदरिंगसाठी, म्हणाले. मी विचारलं, कितवीत आहे मूल? ते म्हणाले, "सातवी ब." आणि मग स्वतःच्या कमरेचं माप सांगितलं. भाडेकरूला घाबरवून घर खाली करून घ्यायचा बेत होता. पोलिसाचा पोशाख मी शाळेच्या किंवा मंडळीच्या पत्राशिवाय देत नाही. मग त्यांनी वकिलाचा मागितला, तोही दिला नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "मग यमाचा तरी द्या." तो दिला. दुसऱ्या दिवशी मुकुट परत आणून देताना त्यांचा चेहरा उतरला होता. भाडेकरूची मुलं त्यांच्या गदेला लटकून खेळली होती आणि वाढदिवसाला याच कपड्यांत या म्हणाली होती.

असं सगळं पाहून झाल्यावर मला वाटत होतं की या धंद्यात आता नवीन काही उरलं नाही. तेव्हा श्रेया आली.

श्रेया कळमेश्वरची. वडील तिथल्या कारखान्यात, ही नागपुरात सिनेमाचं शिकायला. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करून द्यावा लागतो, तिचा थ्रिलर होता. एप्रिलच्या भर दुपारी स्कूटी लावून, तोंडावरचा दुपट्टा सोडत ती म्हणाली, "काकू, मले खुनी पाहिजे. काळी हुडी, काळे हातमोजे, तोंड झाकलेलं."

मी म्हटलं, "या उन्हात हुडी? खून करायच्या आधीच मरेल तो."

"मग नुसतं तोंड झाकू."

तिनं गोष्ट सांगितली. एक मुलगी शिकायला शहरात येते, एका घराच्या वरच्या खोलीत राहते. खाली घरमालक, एकटे, प्रेमळ. रोज विचारतात, "जेवलीस का वं?" आधी राहणारी मुलगी एक दिवस कुणाला न सांगता निघून गेलेली असते. एक तोंड झाकलेला माणूस हिच्या मागावर असतो. शेवटी कळतं, तो माणूस म्हणजे हेच काका.

मी तिला काळा दुपट्टा दिला. चौकात पाठलागाचं चित्रण ठरलं. कॅमेऱ्यावर पियूष नावाचा तिचा वर्गमित्र होता, कन्हानचा, मुळात शांत, कॅमेरा हातात आला की बेभान. खुन्याचं काम तेव्हा वर्गातल्याच एका मुलाकडं होतं. चित्रण झालं, सगळे दुकानात येऊन मठ्ठा पीत पाहायला बसले, आणि खुनी कुठं आहे ते कुणालाच सापडेना. बरोबरच आहे. उन्हाळ्यात नागपूरची निम्मी माणसं तोंड बांधून फिरतात. पडद्यावर पंधरावीस खुनी दिसत होते. कुणी भाजी घेत होता, कुणी सिग्नलला थांबला होता. पियूषनं ज्याच्यावर कॅमेरा रोखून धरला होता तो माणूस तर अखेर स्कूटर थांबवून, दुपट्टा खाली ओढून सरळ कॅमेऱ्याजवळ आला होता. "काहून माझ्या मागं लागून राहिले गा? मी कूलरवाला आहो. दोन गल्ल्यांपासून पाहून राहिलो तुमाले." त्याच्या कॅरिअरला कूलरच्या खशीच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधलेल्या होत्या. आमचा खरा खुनी मागं रसवंतीवर उभा होता.

मला हसू आवरेना. श्रेया मात्र हसली नाही. पुन्हा पुन्हा तेच पाहत होती. मग म्हणाली, "काकू, इथं तोंड झाकलेल्याची भीतीच वाटत नाही. भीती उघड्या तोंडाची वाटली पाहिजे."

ती हे कपड्यांबद्दल बोलत नव्हती, हे मला फार नंतर कळलं.

तिथून आमच्या खऱ्या कामाला सुरुवात झाली आणि भांडणालाही. नायिकेला तिला पांढरा कुर्ता हवा होता. पांढरा म्हणजे निरागस, आणि पुढं होणाऱ्या घाताची सूचनाही. पियूष म्हणाला, "आमच्याकडं पांढरं मयतीलेच नेसतात, लोकांले पहिल्याच मिनिटाला समजेल पोरगी मरते म्हणून." मी म्हटलं, आमच्याकडं नवरी पांढरी साडी नेसते. विहारात जाताना, जयंतीला, लग्नात सगळं पांढरं. माझ्या जावा-नणंदांनी ही मुलगी पाहिली तर त्यांना वाटेल, हिच्या घरी कार्य आहे. एकाच कुर्त्यात एकाला मयत दिसत होती आणि दुसऱ्याला मंगल. पांढरा बाद झाला.

मग मी माझ्या धंद्याच्या सवयीनं सुचवलं की खुन्याचे डोळे काजळानं भरू, गळ्यात लाल रुमाल बांधू, आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालू. श्रेयानं ऐकून घेतलं. मग पियूषचा कॅमेरा माझ्या चेहऱ्यासमोर धरून मलाच माझं चित्र दाखवलं. माझ्या हनुवटीवर सकाळच्या चहाचा थेंब वाळलेला होता, तो मला दिसला. "इथं मागची रांग नसते, काकू," ती म्हणाली. "सगळे मांडीवर येऊन बसतात." आयुष्यभर मी दुरून दिसणारे कपडे केले होते. जवळून दिसणारे कसे असतात ते मला त्या मुलीनं शिकवलं.

एकदा ते डोक्यात शिरल्यावर मला मजा यायला लागली. नायिकेला मी मोहरी रंगाचा कुर्ता दिला, मापापेक्षा थोडा मोठा. आम्ही ठरवलं की तो तिच्या मोठ्या बहिणीचा आहे. सिनेमात हे कुठंही सांगितलेलं नाही. पण खांदा सारखा घसरायचा आणि ती पोरगी तो सारखा वर ओढायची. पाहणाऱ्याला नुसतं वाटायचं, ही इथं अजून रुळली नाही. असं कुणाच्या लक्षात न येता पोचणारं काम जमलं की त्याची चव वेगळीच असते.

घरमालकाचं काम करायला मी बाळूभाऊंना बोलावलं. बाळूभाऊ झाडीपट्टीतले नामांकित खलनायक. राहायला कन्हानला, स्वभावानं इतके मऊ की घरी मुंग्यांच्या वाटेत पाय ठेवत नाहीत. सिनेमा म्हटल्यावर ते आनंदानं आले. येतानाच विचारलं, "ताई, माझा विंचवाचा शर्ट काढून ठेवला ना?"

मी त्यांच्या हातात आकाशी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट ठेवला. खिशाला पेन. खाली राखाडी पँट. घामासाठी मानेवर चौघडी केलेला पांढरा हातरुमाल.

बाळूभाऊंनी शर्ट उलटून पाठीवर काही आहे का ते पाहिलं. मग आरशासमोर उभं राहून बराच वेळ स्वतःकडं पाहिलं. "ताई, ह्याच्यात मी खुनी नाही, सोसायटीचा सेक्रेटरी दिसून राहिलो."

"तेच पाहिजे, काका," श्रेया म्हणाली.

"अन् लोक भिणार कसे?"

"तुम्ही फक्त 'जेवलीस का वं' विचारा."

त्यांनी विचारलं. माझ्या अंगावर काटा आला. बाळूभाऊंचा आवाज मुळातच गोड आहे, नाटकात तो बिचारा विंचवाखाली दबून गेलेला असायचा.

आता हे सांगायला हवं की तो शर्ट दुकानातला नव्हता. तो आमच्या ह्यांचा होता. आमचे हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं शर्ट पुष्कळ, पण सगळे आकाशी. चित्रणासाठी घरही आमचंच घेतलं होतं. वरची खोली रिकामी होती आणि ह्यांनी ती कौतुकानं दिली होती. खाली अंगणात त्यांचीच खुर्ची होती. त्या दिवशी हे बाजारातून पिशवी घेऊन आत आले आणि आपल्याच खुर्चीवर आपल्याच शर्टात बसलेला माणूस पाहून फाटकात उभे राहिले. बाळूभाऊ त्यांना पाहून उठले आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "साहेब, जरा दोन पावलं चालून दाखवता का? तुमच्यासारखं चालायचं आहे."

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "दुकानात तुझ्याकडं राक्षस आहे, यम आहे, कंस आहे. खुन्याले माझाच शर्ट सापडला तुले?"

"अहो, तुमच्यावर कुणाचा संशय जात नाही म्हणून."

"म्हणजे मी खून केला असता तर सुटलो असतो."

"हो."

त्यांनी विचार केला आणि भाजी वाढून घेतली. मला वाटलं, मिटलं. पण थोड्या वेळानं ताटावरून न उठताच म्हणाले, "शर्ट घेतला तर घेतला. आता तो माणूस माझं चालणं पण घेऊन राहिला." नंतरचे दिवस ते घरात बनियनवर वावरले. बाळूभाऊ अंगणात आले की हे मागच्या दारानं निघून जायचे.

शेवटचा प्रसंग वरच्या खोलीतला होता, दिवसाउजेडी. सगळे जमले आणि खोलीला कुलूप. किल्ली ह्यांच्याकडं, आणि हे सकाळीच कळमेश्वरला मोठ्या भावाकडं निघून गेलेले. फोन उचलेनात. सिनेमा जमा करायची मुदत अगदी तोंडावर आली होती, आणि पुढच्या दिवशी बाळूभाऊंना गावी लग्नाला जायचं होतं. पियूष म्हणाला, कुलूप तोडू. मी म्हटलं, आमचं कुलूप तुटेल पण माणूस तुटेल ते कोण जोडेल? श्रेयानं तोंडाला दुपट्टा बांधला आणि मला म्हणाली, "चला काकू, बसा मागं."

कळमेश्वरला हे ओसरीवर पाय वर घेऊन बसले होते. आम्हाला पाहून पेपर वर धरला. मी बोलायला सुरुवात केली, पण श्रेयानं माझ्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्यासमोर खाली पायरीवर बसली.

"काका, पहिल्या वर्षाला मी एका घरी खोली घेऊन राहत होते. घरमालक चांगले होते. म्हणजे सगळे तसंच म्हणायचे. मी कॉलेजात गेली की ते दुसऱ्या किल्लीनं माझी खोली उघडत. काही नेत नव्हते. नुसत्या वस्तू इकडच्या तिकडं झालेल्या दिसायच्या. उशी, कपडे. मी घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, इतके सज्जन दिसतात, तुले भास होत असतील. मैत्रिणी पण तेच म्हणाल्या. मग मलाच वाटायला लागलं की भास होतात. ते असाच शर्ट घालायचे. तुमचा नाही हो काका. असा. म्हणून मले तो पाहिजे. काळ्या हुडीवाल्यावर कुणीही विश्वास ठेवेल की तो वाईट आहे. ह्या शर्टावर नाही ठेवत."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग आत गेले, चष्म्याचा डबा घेऊन बाहेर आले आणि त्यातून किल्ली काढली.

"तुमच्या सिनेमात तो किल्ली कुठून काढतो?"

"पँटच्या खिशातून," ती म्हणाली.

"खिशात वाजते ती. असा माणूस किल्ली वाजू देणार नाही. चष्म्याच्या डब्यात ठेवेल, आतल्या पुसायच्या कापडात गुंडाळून."

श्रेया त्यांच्याकडं पाहत राहिली. मीही. संसाराची इतकी वर्षं झाली, तो डबा मी रोज पुसून ठेवते.

परतीच्या वाटेवर हे भावाच्या मोटरसायकलवर आमच्या पुढं होते. दुपारभर चित्रण झालं. बाळूभाऊंनी डबा उघडला, कापड बाजूला केलं, किल्ली काढली, आणि कुलूप उघडण्याआधी मानेवरचा रुमाल नीट केला. हे खिडकीशी उभे राहून सगळं पाहत होते. प्रसंग संपल्यावर नुसते म्हणाले, "रुमालाचं बरोबर आहे."

सिनेमा कॉलेजच्या सभागृहात दाखवला. मुलांनी गच्च भरलं होतं. सुरुवातीला नागपुरी मुलं करतात तशी टिंगल झाली. खोलीचं कुलूप आलं तेव्हा कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

गोंधळ त्यानंतर झाला. बाळूभाऊ खास तयार होऊन आले होते. विंचवाचा काळा शर्ट, गॉगल, केसांना तेल. पोस्टरशेजारी ते अशा कोनात उभे होते की कुणीही ओळखावं. कुणी ओळखलं नाही. एक मुलगा त्यांच्याजवळ आला, त्यांनी गॉगल काढला, आणि तो म्हणाला, "दादा, ह्या खुर्च्या जरा बाजूला घेता का?" त्याला ते मांडववाल्यांचे माणूस वाटले होते. बाळूभाऊंनी खुर्च्या बाजूला घेतल्या.

आमचे हे आकाशी शर्टात आले होते. दुसरा होताच कुठं? त्यांच्याभोवती गर्दी. "काका, काय काम केलं. किल्ली काढली तेव्हा मी डोळेच मिटले." "काका, एक फोटो." हे म्हणत होते, "मी नाही बाबा. मी ह्या बाईंचा नवरा." त्यावर सगळे हसले, एवढा मोठा नट आणि किती साधा. कुणाच्या तरी बरोबर आलेली एक लहान मुलगी आईच्या मागं लपली. हे बिचारे तिला समजवायला वाकले आणि खिशातून गोळी काढून पुढं केली. मुलीनं भोकाड पसरलं.

तेव्हा त्यांची नजर बाळूभाऊंवर गेली. बाळूभाऊ शेवटची खुर्ची भिंतीला लावत होते. हे गर्दीतून वाट काढत गेले, त्यांचा दंड धरला आणि दोघं बाथरूमकडं दिसेनासे झाले.

बाहेर आले ते शर्टांची अदलाबदल करून. आकाशी शर्ट, मानेवर रुमाल आणि खांदे किंचित पाडलेले बाळूभाऊ दारात येऊन उभे राहिले. जवळची मुलं आधी गप्प झाली, मग त्यांच्या मागची. बाळूभाऊंनी समोरच्या मुलीकडं पाहिलं आणि मवाळ आवाजात विचारलं, "जेवलीस का वं?" तिनं मैत्रिणीचा हात गच्च धरला. मग एकच टाळ्या झाल्या. बाळूभाऊंचे डोळे भरून आले, त्यामुळं खुनी काही टिकला नाही.

मी श्रेयाला शोधत होते. ती कोपऱ्यात होती. तिच्याभोवती तीनचार मुली उभ्या होत्या आणि अभिनंदन करत नव्हत्या, हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. श्रेया एकेकीचं ऐकत होती, मान हलवत होती. तिचे वडीलही आले होते. ते जरा दूर, भिंतीला टेकून उभे होते. मुली गेल्यावर ते तिच्यापाशी गेले. काय बोलले मला ऐकू आलं नाही. त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघं बरोबर बाहेर पडले. माझ्या हातून पुष्कळ राजे-राण्या सजून गेल्या, पण एक साधा शर्ट इतक्या कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

थंडी पडली, धान निघालं, नाटकं सुरू झाली. आकाशी शर्ट बाळूभाऊंनी परत दिलाच नव्हता. त्यांना त्याचा लळा लागला होता आणि ते तो घालूनच नव्या नाटकात खलनायक करणार होते. एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, जमलं नाही. मी आत आलो अन् लोकांले वाटलं गुरुजी आले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उठून नमस्कार केला. तो विंचवाचा शर्ट तेवढा पाठवून द्या ना."

मी फोनवर हात ठेवून अंगणात पाहिलं. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. खाली पांढरा पायजमा, वर काळं सॅटिन. ऊन पाठीवर येत होतं आणि जरीचा विंचू चमकत होता. फाटकाबाहेरून जाणारा दूधवाला वळून वळून पाहत होता.

"बाळूभाऊ आहेत," मी म्हटलं. "शर्ट मागून राहिले."

ह्यांनी पेपराचं पान उलटलं. "त्याले सांग, इस्त्रीले गेला आहे."

मी सांगितलं.